मिलानमधील अडीच दिवस

इटलीची यात्रा करून आलेल्या माणसास काय काय पाहिलें असें विचारलें म्हणजे तो रोमचें नांव घेतो, फ्लॉरेन्सचें घेतो, आणि व्हेनिसचें तर घेतोच घेतो. मिलानचा उल्लेख झालाच तर तेथें विमान बदललें किंवा घरच्या मंडळींनीं तेथें खरेदी केली, एवढ्यापुरताच होतो. उत्तर इटलींतील हें शहर स्वतःला देशाचा कामकरी हात समजतें. बाहेरचे लोक त्याला नटण्यामुरडण्याचें गांव समजतात. दोन्हीं म्हणणीं खरीं आहेत. परंतु नटणें आणि राबणें हीं एकाच गांवीं कशीं नांदतात, हा प्रश्न मनांत ठेवून जो प्रवासी तेथें अडीच दिवस काढील त्याची ती लहानशी सहल वायां जाणार नाहीं.

थोड्या दिवसांच्या प्रवासाचा मोठा शत्रु म्हणजे यादी. पाहण्याजोग्या पन्नास स्थळांची यादी खिशांत घालून निघालेला मनुष्य सकाळपासून रात्रींपर्यंत धांवत असतो, आणि घरीं परततो तेव्हां त्याच्याजवळ छायाचित्रें असतात, आठवणी नसतात. मिलानमध्यें असें धांवण्याचें कारण नाहीं. शहराचा जुना गाभा लहान आहे. मधल्या महामंदिरापासून किल्ल्यापर्यंत रमतगमत गेलें तरी वीस मिनिटें लागत नाहींत. दोन गोष्टी मात्र निघण्यापूर्वींच ठरवाव्या लागतात. लिओनार्दो दा व्हिन्चीचें ‘अखेरचें भोजन’ हें चित्र पाहण्याचीं तिकिटें आगाऊ घ्यावीं लागतात, कारण तीं फार लवकर संपतात. आणि तें चित्र व ब्रेरा येथील प्रसिद्ध चित्रालय हीं दोन्हीं सोमवारीं बंद असतात. ऑगस्ट महिनाही टाळावा. त्या दिवसांत उकाडा असतो, गांवकरी समुद्राकडे किंवा डोंगरांत निघून जातात, आणि लहान दुकानांना कुलुपें लागतात. एप्रिल-मे अथवा सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने सोयीचे.

पहिल्या दिवसाचा आरंभ दुओमोपासून, म्हणजे शहराच्या महामंदिरापासून करावा. इ. स. १३८६ मध्यें या मंदिराच्या बांधकामास सुरुवात झाली. त्या वेळीं आपल्याकडे दक्षिणेंत बहामनी राज्य चालूं होतें. मंदिराचें शेवटचें द्वार बसलें तें १९६५ सालीं. पहिल्या दगडापासून शेवटच्या दारापर्यंत ५७९ वर्षें लोटलीं! कधीं न संपणाऱ्या कामाला मिलानचे लोक आजही दुओमोच्या बांधकामाची उपमा देतात. या कामासाठीं १३८७ सालीं जें मंडळ स्थापन झालें तें अजून मोडलेलें नाहीं. मंदिराचा गुलाबी झांक असलेला पांढरा संगमरवर माजोरे सरोवराजवळच्या कांदोल्या येथील खाणींतून येई. सरोवरांतून नदींत, नदींतून कालव्यांत आणि कालव्यानें थेट शहरांत, असा तो दगड होड्यांतून तरंगत येत असे. मिलानचा ड्यूक जान गालेआत्सो व्हिस्कोंती यानें त्याला जकात माफ केली होती. आजही एखादा कळस झिजला किंवा एखाद्या मूर्तीचा हात गळला तर त्याच खाणींतला दगड आणतात, आणि मंडळाचे पाथरवट तो घडवितात. बाहेरच्या कवाइती पाहून प्रवाशाला वाटतें कीं मंदिर पुरें झालें. वस्तुतः एका टोंकाची दुरुस्ती संपेपर्यंत दुसऱ्या टोंकाची सुरूं झालेली असते.

या मंदिराची खरी गंमत त्याच्या छपरावर आहे. जिन्यानें किंवा पाळण्यानें वर गेलें म्हणजे मनुष्य संगमरवरी शिखरांच्या रानांत उभा राहतो. मंदिरावर सुमारें ३४०० मूर्ति आहेत. त्यांतील कित्येकींच्या पाठीवरच्या चुण्या आणि पायाशीं कोरलेलीं पानेंफुलें खालच्या चौकांतून कोणासही दिसत नाहींत. ज्या कारागिरानें तीं कोरलीं त्यालाही हें ठाऊक असलेंच पाहिजे. तरी त्यानें हात आंखडता घेतला नाहीं. सर्वांत उंच शिखरावर, जमिनीपासून १०८ मीटरांहून अधिक उंचीवर, मेरीमातेची सोन्याचा मुलामा दिलेली मूर्ति आहे; ती १७७४ सालीं बसविली. गांवकरी तिला लाडानें ‘मादोन्नीना’, म्हणजे आमची छोटी माउली, म्हणतात. दुसऱ्या महायुद्धांत तिच्या अंगावरच्या सोन्यावर चांदणें चमकून शत्रूच्या विमानांना वाट दिसूं नये म्हणून तिला कापडांत गुंडाळून ठेवलें होतें. हवा स्वच्छ असली तर तिच्या पायाशीं उभें राहून आल्प्स पर्वताचीं बर्फाचीं शिखरें दिसतात.

दुओमोच्या चौकांतून एका भव्य कमानीखालून पुढें गेलें म्हणजे कांचेच्या छपराची प्रख्यात बाजारवाट लागते. राजा दुसरा व्हित्तोरिओ एमानुएले याचें नांव तिला दिलेलें आहे. जूसेप्पे मेंगोनी या स्थपतीनें ती आंखली; १८६५ सालीं कोनशिला बसली आणि १८६७ सालीं राजाच्या हस्तें उद्घाटन झालें. प्रवेशाच्या कमानीचें काम मात्र पुढें दहा वर्षें चाललें. तें संपत आलें असतां, १८७७ च्या डिसेंबर महिन्यांत, मेंगोनी परांचीवरून पडून मरण पावला. आज त्या कमानीखालून रोज हजारों लोक जातात. मधल्या घुमटाखालीं फरशीवर बैलाचें एक चित्र आहे; त्यावर टांच रोवून तीन गिरक्या घेतल्या म्हणजे भाग्य उघडतें असा समज आहे. टांचांनीं त्या बिचाऱ्या बैलाच्या अंगाला खड्डा पडतो आणि तो पुनःपुन्हां बुजवावा लागतो. प्रवाशानें गिरकी घ्यावी कीं न घ्यावी हें त्यानेंच ठरवावें. पण एक दृष्टि मेंगोनीच्या कमानीकडे जरूर टाकावी.

त्या दुपारीं जवळच, तोरीनो रस्त्यावर, सान सातीरो नांवाच्या लहान मंदिरांत पांच मिनिटें डोकवावें. आंत शिरतांच वेदीमागें खोल, कमानदार दालन दिसतें. पुढें जाऊन पाहावें तों दालन नाहींच! मागें रस्ता असल्यामुळें जागा अडली होती, तेव्हां ब्रामांते या स्थपतीनें पंधराव्या शतकाच्या अखेरीस एक मीटरहूनही कमी खोलीच्या भिंतींत उठाव व रंग यांच्या साह्यानें हें सारें दालन भासविलें. लहान घरांत राहून मोठें मन ठेवणाऱ्या शहरवासी कुटुंबांना ही युक्ति विशेष आवडेल. ऐट म्हणजे पैशाची उधळण असा पुष्कळांचा समज असतो. अडचणीच्या जागेंतून शोभा निर्माण करणें हीच खरी ऐट, असें ब्रामांतेची ती भिंत सांगत असते.

संध्याकाळ ‘ला स्काला’ नाट्यगृहासाठीं राखावी. प्रयोगाचें तिकीट मिळालें तर उत्तम. न मिळालें तर दिवसां तेथील संग्रहालय पाहून एखाद्या खोलींतून आंतलें लाल-सोनेरी सभागृह तरी पाहावें. पिएरमारीनी या स्थपतीनें बांधलेलें हें नाट्यगृह १७७८ सालीं उघडलें. व्हेर्दीचें ‘नाबुक्को’ हें संगीत नाटक १८४२ सालीं प्रथम येथेंच झालें. सर्वांत वरच्या माळ्यावर स्वस्त तिकिटाचे प्रेक्षक बसतात. ते खालच्या मखमली खुर्च्यांतील श्रीमंतांपेक्षां अधिक कानसेन असतात, आणि गवई चुकला तर त्याची गय करीत नाहींत.

परंतु १९४३ सालच्या ऑगस्ट महिन्यांत हें नाट्यगृह उघड्यावर पडलें होतें. त्या महिन्यांत दोस्त राष्ट्रांच्या विमानांनीं मिलानवर रात्रीमागून रात्रीं बाँब टाकले. स्कालाचें छप्पर गेलें, बाजारवाटेच्या कांचा गेल्या, आणि हजारों घरें पडलीं. युद्ध संपल्यावर वर्षभरांतच नाट्यगृह पुन्हां उभें राहिलें. लोकांना राहावयास छप्पर नसतां गाण्यासाठीं छप्पर घालणें योग्य काय, असा प्रश्न कोणाच्याही मनांत येईल, आणि तो यावयासच पाहिजे. त्याचें उत्तर कदाचित् ११ मे १९४६ च्या रात्रीं मिळालें. ज्यानें फॅसिस्टांपुढें मान न वांकवितां देश सोडला होता तो वृद्ध संगीतनायक तोस्कानीनी अमेरिकेहून परत आला होता. यहुदी म्हणून काढून टाकलेल्या वृंदगायनाच्या गुरूला पुन्हां त्याच्या जागीं घ्या, हा त्याचा आग्रह होता. तो मान्य झाला. आंत जागा न मिळालेल्या लोकांसाठीं बाहेर ध्वनिक्षेपक लावले होते. ज्यांचीं घरें पडलीं होतीं त्यांनाही त्या रात्रीं आपल्या गांवांतील एक घर तरी उभें राहिलें असें वाटलें असेल.

दुसऱ्या दिवसाची सकाळ ‘अखेरच्या भोजना’ची. सांता मारिया देल्ले ग्रात्सिए या मठाच्या भोजनगृहांत, भिंतीवर, हें चित्र आहे. एका वेळीं थोड्याच लोकांना आंत सोडतात आणि पंधरा मिनिटांनीं बाहेर काढतात. पंधरा मिनिटें कमी वाटतात. पण एखाद्या चित्राकडे पंधरा मिनिटें टक लावून पाहण्याचा प्रसंग आपल्या आयुष्यांत किती वेळां येतो? ‘तुम्हांपैकीं एक जण माझा घात करील,’ हे शब्द येशूच्या तोंडून नुकतेच निघाले आहेत. ते कानीं पडतांच बारा शिष्यांत जी खळबळ उडाली ती लिओनार्दोनें तिघातिघांच्या चार गटांत मांडली आहे. कोणी उठला आहे, कोणी छातीवर हात ठेवून ‘मी तर नव्हे?’ असें विचारीत आहे. घात करणारा जूदास वेगळा बसविलेला नाहीं. तो त्यांच्यांतच आहे, पैशांची थैली मुठींत आवळून. येशू मात्र मधोमध शांत.

हें चित्र १४९५ ते १४९८ च्या सुमारास झालें. ओल्या गिलाव्यावर भराभर रंगवावें ही त्या काळची पद्धति. तसें केलें म्हणजे रंग भिंतींत मुरतो आणि टिकतो. लिओनार्दोला घाई मानवत नसे. एक रेघ काढून दिवसभर विचार करावा, मग ती बदलावी, असा त्याचा स्वभाव. म्हणून त्यानें कोरड्या भिंतीवर रंग लावले, आणि वीस वर्षांतच ते सुटूं लागले. समोरच्या भिंतीवर मोंतोर्फानो नांवाच्या चित्रकारानें १४९५ सालीं नेहमींच्या रीतीनें काढलेलें चित्र पुष्कळ बरें टिकलें आहे. त्याच्याकडे मात्र फारसें कोणी पाहत नाहीं. नियम पाळणाऱ्याचें काम टिकावें आणि नियम मोडणाऱ्याचें काम जगानें पाहावें, हा न्याय कीं अन्याय? शाळेंत शिकणाऱ्या मुलांना नेणाऱ्या आईबापांनीं हा प्रश्न त्यांना तेथेंच घालावा. उत्तर सोपें नाहीं.

त्या चित्राचे भोग तेवढ्यावर संपले नाहींत. १६५२ सालीं मठवासीयांनीं भिंतींत दार पाडलें तें येशूच्या पावलांवरच. नेपोलियनच्या सैन्यानें तेथें घोडे बांधले. १९४३ च्या ऑगस्टमध्यें बाँब पडून भोजनगृहाचें छप्पर आणि एक लांबची भिंत कोसळली. वाळूच्या पोत्यांनीं झांकलेली चित्राची भिंत तेवढी उभी राहिली. पुढें १९७८ पासून १९९९ पर्यंत पिनीन ब्राम्बिल्ला बार्चिलोन या बाईंनीं एकवीस वर्षें खपून मागच्या लोकांनीं चढविलेले रंगांचे थर काढले. जेथें मूळ रंग उरलाच नव्हता तेथें त्यांनीं फिक्या जलरंगाचा हात फिरविला, तोही असा कीं जुनें कोणतें व नवें कोणतें हें पाहणाऱ्याला कळावें. नष्ट झालेलें परत आणल्याचा आव त्यांनीं आणला नाहीं. जीर्णोद्धाराच्या नांवाखालीं जुन्या देवळांना चकचकीत रंग फांसणाऱ्यांनीं हें काम अवश्य पाहावें.

दुपारीं मोंते नापोलेओने रस्ता आणि त्याच्या आसपासच्या गल्ल्या फिराव्या. साऱ्या जगाचे उंची कपडे येथें कांचेआड मांडलेले असतात. आंत जाण्यास मोठी थैली लागते, बाहेरून पाहण्यास कांहीं लागत नाहीं. मिलानचें कपड्यांशीं नातें जुनें आहे. बायकांच्या टोप्या करणाऱ्यास इंग्रजींत जो ‘मिलिनर’ शब्द आहे तो मिलानच्या मालावरूनच आला. उत्तरेला कोमो येथें रेशीम, पश्चिमेला बिएल्ला येथें लोंकर, आणि शहरांत पेढ्या, छापखाने व कसबी शिंपी, अशी सामग्री हाताशीं होती. इटालियन पोषाखांचें परदेशी व्यापाऱ्यांपुढें पहिलें नांवाजलेलें प्रदर्शन १९५१ सालीं फ्लॉरेन्सला भरलें. पण १९७० नंतरच्या दशकांत तो मान मिलानकडे आला. जॉर्जो आर्मानी हा तरुणपणीं तेथल्या एका मोठ्या दुकानांत मालाची मांडणी करी. १९७५ सालीं त्यानें स्वतःची पेढी काढली आणि २०२५ मध्यें तो वारला. त्याची कीर्ति झाली ती कोटांतील ताठर अस्तर आणि खांद्यांतील भरणी काढून टाकल्यामुळें. त्यानें भर घातली नाहीं, वजाबाकी केली.

मात्र या कांचांचीही एक मागची बाजू आहे. २०२४ सालीं मिलानच्याच न्यायालयानें कांहीं नामांकित पेढ्यांच्या उत्पादनशाखांवर देखरेख बसविली, कारण त्यांच्या ठेकेदारांच्या कारखान्यांत परदेशी मजुरांची पिळवणूक चालल्याचें तपासांत दिसून आलें होतें. कांचेआडची किंमत आणि शिवणाऱ्याच्या हातावर पडणारी मजुरी यांत जमीनअस्मानाचें अंतर होतें. दुओमोच्या छपरावर अदृश्य बाजूही सुंदर ठेवणाऱ्या गांवानें येथें अदृश्य बाजू विसरली होती. ती उघडकीस आणणारेही मिलानचेच होते, हें त्याबरोबर सांगितलें पाहिजे.

गांवाची खरी टापटीप पाहावयाची असेल तर पिंवळ्या ट्रामींत बसावें. १९२८ सालच्या नमुन्याच्या लांकडी बांकांच्या ट्रामी तेथें आजही रोजच्या कामावर आहेत. मुंबईची शेवटची ट्राम १९६४ सालीं धांवली. ज्यांनीं ती पाहिली त्यांना मिलानमध्यें जुनी ओळख भेटल्यासारखें होईल. या गाड्या संग्रहालयांत जपलेल्या नाहींत. त्यांतून शाळेचीं मुलें जातात, भाजीच्या पिशव्या जातात, आणि नीटनेटक्या पोषाखांतील वृद्ध बाया-पुरुष हातांतल्या काठीवर दोन्हीं हात ठेवून ताठ बसलेले असतात.

जेवणाविषयीं थोडें सांगावयास हवें. मिलानचा केशरी भात प्रसिद्ध आहे. पो नदीच्या खोऱ्यांत भाताची शेती पंधराव्या शतकांत रुजली, आणि ज्या कालव्यांनीं संगमरवर आणला त्यांच्यासारख्याच कालव्यांनीं खाचरांना पाणी दिलें. केशर भातांत कसें आलें याची एक दंतकथा आहे. दुओमोच्या रंगीत कांचा करणाऱ्या कारागिराच्या शिष्याला रंगांत केशर घालण्याची खोड होती. गुरूच्या मुलीच्या लग्नांत त्यानें थट्टेनें भातांतही केशर घातलें. आपल्याकडील केशरी भाताशीं याचें रंगापुरतेंच साम्य. हा तिखटही नाहीं व गोडही नाहीं. चिकट तांदूळ लोण्यावर परतून, कढत रस थोडथोडा ओतीत, सारखा ढवळून तो शिजवितात आणि शेवटीं चीज घालतात. परंपरेनें त्यांत मांसाचा रस व हाडांतील मगज असतो. शाकाहारी मंडळींनीं आधीं विचारून घ्यावें. कॉफी मात्र तेथल्या लोकांसारखी उभ्यानें प्यावी. बसून प्यायलें तर तिचीच किंमत वाढते.

उरलेला अर्धा दिवस कसा घालवावा, याविषयीं मतें निरनिराळीं असतील. कोणी खरेदी करील, कोणी कालव्याकांठीं बसेल. परंतु ज्याला हें गांव ओळखून जावयाचें आहे त्यानें मध्यवर्ती रेल्वे स्टेशनावर जावें. १९३१ सालीं उघडलेलें तें स्टेशन राजवाड्यासारखें आहे. त्याच्या पोटांत, टपालाच्या डब्यांसाठीं केलेल्या भुयारी फलाटावर, युद्धकाळांत यहुदी कुटुंबांना गुरांच्या डब्यांत कोंडीत आणि ते डबे यंत्रानें उचलून वरच्या रुळांवर ठेवीत. ३० जानेवारी १९४४ रोजीं येथून निघालेल्या एका गाडींत सहाशेंहून अधिक माणसें होतीं. ती आउश्विट्झच्या छळछावणीस गेली. त्यांतील बावीस परत आलीं. त्यांपैकीं एक, लिलियाना सेग्रे, त्या वेळीं तेरा वर्षांची होती. बरोबर गेलेले तिचे वडील परतले नाहींत. आज तेथें स्मारक आहे. सेग्रेबाईंच्या इच्छेप्रमाणें प्रवेशाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत एकच शब्द कोरला आहे: ‘बेपर्वाई’. द्वेष हा शब्द त्यांनीं निवडला नाहीं. द्वेष करणारे थोडे होते; वरच्या फलाटांवरून आपापल्या गाडीला जाणारे पुष्कळ होते.

तेथून भुयारी रेल्वेनें गोर्ला या वस्तींत जातां येतें. २० ऑक्टोबर १९४४ रोजीं सकाळीं कारखान्यांवर हल्ला करण्यास निघालेल्या अमेरिकन विमानांची दिशा चुकली, आणि त्यांनीं उरलेले बाँब या वस्तीवर सोडले. प्राथमिक शाळेंतील मुलें भोंगा ऐकून तळघराकडे उतरत होतीं. बाँब जिन्याच्या वाटेनेंच आंत शिरला. एकशें चौऱ्यांशीं मुलें गेलीं; त्यांच्याबरोबर त्यांच्या शिक्षिका आणि मुख्याध्यापिकाही गेल्या. शाळेच्या जागीं एका आईचा पुतळा आहे. तिच्या हातांवर मूल आहे. खालीं कोरलेल्या शब्दांचा अर्थ इतकाच, कीं पाहा, हें युद्ध.

ही कथा मराठी श्रोत्यांना सर्वस्वीं परकी मानतां येणार नाहीं. ज्या पक्षाचीं तीं विमानें त्याच पक्षाकडून मराठा पलटणी इटलींत लढत होत्या. नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजीं टायबर नदीच्या खोऱ्यांत शत्रूच्या मशीनगनवर एकटे धांवून गेले आणि तेथेंच पडले. शिपाई नामदेव जाधव यांनीं ९ एप्रिल १९४५ रोजीं सेनिओ नदीवर जखमी सोबत्यांना वांचविलें. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मोंतोने या गांवीं घाडगे यांच्या स्मरणार्थ २०२३ सालीं एक छायाघड्याळ उभारलें आहे. सेनिओ ओलांडल्यानंतर अवघ्या सोळा दिवसांनीं, २५ एप्रिलला, मिलानच्या लोकांनीं उठाव करून शहर मुक्त केलें. तो दिवस तेथें अजून राष्ट्रीय सण म्हणून पाळतात. शूरांनीं शहर सोडविलें, आणि त्याच बाजूच्या चुकीनें एक शाळा गेली. दोन्हीं गोष्टी खऱ्या आहेत. एकीसाठीं दुसरी लपवूं नये.

निघण्यापूर्वीं एक शेवटचें घर पाहावें. व्हेर्दीनें आपल्या उतारवयांत, आपल्या कमाईंतून, निराधार झालेल्या वृद्ध गायकवादकांसाठीं एक निवासगृह बांधलें. आपल्या सर्व कृतींत हीच आपल्याला अधिक आवडते असें तो म्हणे. घर १८९९ सालीं पुरें झालें. परंतु कोणीं येऊन उपकार मानूं नयेत म्हणून आपल्या हयातींत तें उघडूं नये अशी त्याची इच्छा होती. १९०१ च्या जानेवारींत तो एका हॉटेलांत अखेरच्या दुखण्यानें पडला, तेव्हां गाड्यांच्या चाकांचा आवाज त्याला होऊं नये म्हणून लोकांनीं रस्त्यावर गवताचा पेंढा पसरला. त्याची व त्याच्या पत्नीची समाधि त्या निवासगृहांतच आहे. पुढील वर्षीं तेथें वृद्ध कलावंत राहावयास आले, आणि आजही राहतात.

नटणारें गांव आणि राबणारें गांव एकच कसें, या प्रश्नाचें उत्तर येथवर येतां येतां प्रवाशाला सांपडूं लागतें. कळसावर चढणारा पाथरवट, चित्राचा थर खरवडणारी बाई, जुन्या ट्रामीचें चाक घट्ट करणारा कामगार आणि रस्त्यावर पेंढा पसरणारे शेजारी या सर्वांनीं एकच गोष्ट केली: आपल्या हातीं आलेल्या वस्तूची आणि माणसाची निगा राखली. जेथें ती राखली गेली तेथें शहर सुंदर आहे. जेथें राखली गेली नाहीं तेथें भिंतीवर ‘बेपर्वाई’ हा शब्द कोरावा लागला. अडीच दिवसांत विमानाची वेळ होते. पेटी बंद करतांना कांहीं खरेदी राहून गेली असें वाटलें तर तें मनास लावून घेऊं नये. घरीं परतल्यावर आपल्या गल्लींतील पडक्या विहिरीकडे, जुन्या वाचनालयाकडे आणि जिन्यावरून हळूहळू उतरणाऱ्या शेजारच्या आजोबांकडे दृष्टि थोडी अधिक वेळ थांबली, तर ती सहल चांगली झाली असें समजावें.